मोड आलेली गोधडी

मी गोधडी बोलतेय. तान्ह्या लेकराखाली अंथरायची, एवढीशी. चारचौघांत तोंड वर करून बोलावं अशी माझी योग्यता नाही, आणि का नाही तेच सांगायला बसलेय. हसू आलं तर हसा, मला सवय आहे.

माझा जन्म मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या वैशाखऱ्यातला, साल अठ्ठ्याण्णव. सकुबाईची लेक नम्रता पहिल्या बाळंतपणाला शहापूरहून माहेरी आली आणि सकुबाईनं मला शिवायला घेतलं. वरून तिच्या विरलेल्या लुगड्याचा पदर, आत नवऱ्याचं, धाकलूचं धोतर, आणि मधोमध नम्रताच्या शाळेच्या स्कर्टचा निळा चौकोन. तान्ह्याला नवं कापड टोचतं, जुनंच हवं. सकुबाई नम्रताच्या लहानपणीच्या खोड्या सांगायची आणि दातानं दोरा तोडत हसायची.

त्या घरची एक रीत आहे. गोधडीचा शेवटचा कोपरा रिकाम्या पोटी शिवायचा नाही, चिमूटभर तांदूळ आत घालायचे. उपाशी गोधडी लेकराला ऊब देत नाही म्हणतात. बाकीच्या बायका कांडून टरफल काढलेले तांदूळ घालतात. सकुबाईला मात्र नातवंडाच्या हौसेत कसलं भान! तिनं कणगीत हात घातला आणि टरफलासकटचा बियाण्याचा भातच कोपऱ्यात घालून शिवून टाकला.

नातू झाला. श्रावण चालू होता. लेकरू मला भिजवायचं, सकुबाई धुऊन चुलीशेजारी टांगायची, आणि मी काही धड वाळायचे नाही. भात भिजवून उबेत गुंडाळला की काय होतं, ते त्या मुलखात शेंबडं पोरही सांगेल.

बारसं शहापूरला, सासरी होतं. मला ओलसर असतानाच पिशवीत कोंबून तिथं नेलं आणि सरळ पाळण्यात अंथरलं. बायका बाळाला बघायला वाकल्या. एकीनं माझा कोपरा चिमटीत धरून उचलला, तर शिवणीतून हिरवे कोंब बाहेर आलेले. वासही येत होता, खोटं कशाला बोलू. मग काय, हसण्याची लाटच उठली. कुणी म्हणे गोधडीला मोड आले, कुणी म्हणे आता पाळण्यातच लावणी करा.

नम्रताच्या सासूबाई, सरस्वतीबाई, तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "ही कुणी दिली?"

सकुबाई पाळण्याच्या दोरीपाशीच उभी होती. नम्रतानं मान खाली घातली. "आमच्या शेजारच्या हिराबाईनं," ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या डोळ्यांसमोर तिच्याच स्कर्टचा तुकडा होता. सकुबाईनं मात्र काही दाखवलं नाही. तिनं मला पाळण्यातून काढून घडी घातली. "व्हय, हिराबाईचीच हाय. तिला काय समजत नाय. मी नेऊन देते," ती म्हणाली. लेकीची लाज राखायला तिनं बिचाऱ्या शेजारणीला वेड्यात काढलं. परतीच्या एसटीत वैशाखरे येईपर्यंत मी तिच्या मांडीवर होते.

घरी येऊन तिनं माझा कोपरा उसवला आणि कोंब नेऊन खाचराच्या कडेला खोचले. कोपरा पुन्हा शिवला नाही. मला पत्र्याच्या पेटीत टाकलं. तिथं मी उपाशीपोटी पडून राहिले, आणि मायलेकींत अंतर पडलं ते माझ्यापायी, याची लाज मला खात राहिली. नम्रता सणावाराला यायची, जायची. माझा विषय कुणीच काढला नाही.

काही वर्षांनी नम्रताला पुन्हा दिवस गेले. हे बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. एक दिवस ती आली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "आई, ती गोधडी देशील?"

सकुबाई तांदूळ निवडत होती. तिनं हातही थांबवला नाही. "ती हिराबाईची. तिला विचार."

नम्रता उंबरा ओलांडून शेजारी गेली. हिराबाईला बिचारीला यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. म्हणजे बारशाला आपण काय बोललो, ते नम्रताला स्वतःच्या तोंडानं पहिल्यापासून सांगावं लागलं. थोड्या वेळानं हिराबाईच तिचा हात धरून घरात आली.

"सकू, दे गो तिची तिला," ती म्हणाली. "माझ्या नावावर खपवलीत ना दोघींनी? मग मीच सांगते, दे."

सकुबाईनं पेटी उघडली. मी आणि सुईदोरा, दोन्ही लेकीपुढे ठेवले. कोपरा तूच शीव, एवढंच म्हणाली. नम्रता उठून कणगीकडे गेली आणि मुठीत टरफलासकटचा भात घेऊन आली.

"तांदूळ घाल गो. पुन्यांदा हसतील," सकुबाई पुटपुटली.

नम्रतानं ऐकलं नाही. तिचे टाके वाकडेतिकडे पडले, पण माझं पोट भरलं.

आता मी शहापूरला रविनाखाली असते. नम्रताची ही धाकटी. मी पुरती विटलेय, कडा उसवल्यात. पहिल्याच दिवशी सरस्वतीबाईंनी मला हातात घेऊन विचारलं, "ही कुणाची?" माझा जीव पुन्हा कोपऱ्यात गोळा झाला.

"माझ्या आईनं शिवलीय," नम्रता म्हणाली. "कोपऱ्यात भात आहे. मोड आले तर येऊ देत."

सकुबाई हे ऐकायला तिथं नव्हती, आणि नम्रता आपणहून तिला सांगेल असं वाटत नाही, लाजते. तुमच्यापैकी कुणी माळशेजच्या वाटेनं जाणार असलात, तर वैशाखऱ्याला थोडं उतरा आणि तिला एवढं सांगा.