कपात कुणाच्या माथी

गुरुवारची सकाळ होती. कुवेतमधल्या मंगफ भागात चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये लीनाताई खिडकीच्या काचा सुरीच्या पात्याने खरवडत होत्या. मार्चमध्ये शेजारी इराकात लढाई पेटली, तेव्हा विषारी वायूच्या भीतीने साऱ्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. जून उजाडला तरी त्यांचे डाग निघत नव्हते. कॅप्टन दीनानाथ परब टेबलाशी चहा घेत कंपनीचं पत्र तिसऱ्यांदा वाचत होते. आतल्या खोलीत त्यांचा मुलगा रितेश पहाटे बहारीनची फेरी करून येऊन झोपला होता.

दीनानाथ मोठ्या विमान कंपनीत कॅप्टन होते. लंडन, मनिला, न्यूयॉर्क अशा लांबच्या फेऱ्या ते करत. रितेश त्याच मालकांच्या धाकट्या कंपनीत को-पायलट होता. बहारीन, दोहा, शिराझ असल्या जवळच्या फेऱ्यांसाठी दोन वर्षांपूर्वी ती काढली होती. वैमानिक मंडळी पहिलीला मेनलाइन म्हणत आणि दुसरीला रीजनल. रीजनलच्या मुलांना दिवसात चार-चार उड्डाणं असत, आणि पगार मेनलाइनच्या निम्मा.

लढाईने प्रवासी आटले होते. पत्रात लिहिलं होतं, की वैमानिकांच्या पगारखर्चात कपात केल्यावाचून गत्यंतर नाही. ती कशी करायची ते वैमानिकांच्या समितीने ठरवावं. मार्ग दोन होते. एक तर दोन्ही कंपन्यांतल्या सगळ्यांनी दहा टक्के सोडायचे, नाहीतर मेनलाइनला हात न लावता रीजनलचा पगार एक तृतीयांशाने उतरवायचा. समितीत मत होतं ते फक्त मेनलाइनच्या वैमानिकांना.

"उद्या घाडी मंडळी जेवायला येतायत, लक्षात आहे ना?" लीनाताईंनी विचारलं. "रितेशच्या लग्नाची तारीख धरायचीय. तुमची मीटिंग आजच उरकू दे बाई."

"आजच आहे," दीनानाथ म्हणाले आणि पत्राची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

संध्याकाळी हॉटेलच्या सभागृहात साठ-सत्तर वैमानिक जमले. रीजनलच्या पोरांना, रितेशलाही, मागच्या रांगेत बसून ऐकायची परवानगी होती. त्यांच्यातला इम्तियाज, दापोलीकडचा, रितेशचा मित्र, न विचारताच उभा राहिला. आधी तो इंग्रजीत बोलला, मग पुढच्या रांगेतल्या दीनानाथांकडे पाहून मराठीत म्हणाला, "परबसाहेब, आम्ही पण त्याच आकाशात विमानं उडवतो. दहा टक्के सगळ्यांचे गेले तर कुणाच्या घरची चूल विझणार नाही. तिसरा हिस्सा एकट्या आमचा गेला तर विझेल. तुम्ही बोललात तर लोक ऐकतील."

लोकांनी ऐकलं असतं, हे खरंच होतं. दीनानाथांच्या शब्दाला कुवेतमध्ये वजन होतं. गेल्या गणपतीत मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून त्यांनी हुंड्याविरुद्ध भाषण केलं होतं, आणि बायकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

पण त्या क्षणी दीनानाथांच्या मनात वेगळाच हिशेब चालू होता. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, आणि नोकरीअखेर मिळणारी रक्कम शेवटच्या पगारावर ठरते. आता दहा टक्के गेले म्हणजे ते त्या रकमेतूनही जाणार. शिवाय त्यांच्या बाजूला बसलेले समितीचे अध्यक्ष कॅप्टन अशरफ हळूच म्हणाले, "बच्चे हैं, दीनानाथ. जवान हैं. सह लेंगे."

हात वर करून मतं घेतली गेली. दीनानाथांनी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने हात वर केला, आणि तोच मंजूर झाला. मागे वळून बघायचा धीर त्यांना झाला नाही. घरी परतताना गाडी रितेश चालवत होता. फहाहीलच्या रस्त्यावर दीनानाथ म्हणाले, "एकदोन वर्षांचाच प्रश्न आहे रे. मग तूही मेनलाइनलाच येशील."

"ओके, बाबा," रितेश म्हणाला.

शुक्रवारी दुपारी गणपत घाडी आपल्या बायकोला घेऊन आले. गणपत देवगडकडचे. राई नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत एका गॅरेजात ते डेंटिंगचे फोरमन होते. गाडीचा चेपलेला दरवाजा त्यांच्या हाताखालून गेला की नवा वाटे. फरवानियात दोन खोल्यांत त्यांनी संसार केला आणि मुलगी समिधा हिला लॅब टेक्निशियन केलं. रितेश आणि समिधा यांची ओळख मंडळाच्या नाटकाच्या तालमीत झाली होती. समिधाची त्या दिवशी क्लिनिकमध्ये ड्यूटी होती, म्हणून ती आली नव्हती.

पापलेटचं कालवण झालं, सोलकढी झाली. ताटं उचलल्यावर लीनाताईंनी बडीशेप पुढे केली आणि गोड आवाजात विषय काढला.

"देण्याघेण्याचं आमच्याकडे काही नाही हं. हुंडा वगैरे शब्दसुद्धा नको. फक्त एक अडचण झालीय. रितेशच्या ट्रेनिंगचं कर्ज आहे, त्याचे हप्ते तो पगारातून फेडत होता. आता पगारच कापला त्याचा. तेवढे उरलेले हप्ते तुम्ही उचललेत तर पोरांचा संसार मोकळा सुरू होईल. शेवटी तुमच्याच जावयाचं शिक्षण ते."

गणपतनी दीनानाथांकडे पाहिलं. हुंड्याविरुद्धचं ते भाषण ऐकायला गणपतीत ते स्वतः मंडळात दुसऱ्या रांगेत बसले होते. 'लीना, हे बोलायचं नाही' एवढं एक वाक्य आता दीनानाथांच्या तोंडून निघेल, असं त्यांना वाटत असावं. दीनानाथांनी बडीशेपेची चिमूट उचलली आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. रितेश सोफ्याच्या कडेला बसून मोबाइलची बटणं दाबत होता.

"साहेबानू," गणपत शेवटी म्हणाले, "माका दोन म्हयने द्या. काय ता करतंय मी. पोरगी सुखात ऱ्हवली म्हणजे झाला." मग बायकोकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "समिधाक यातला काय सांगा नको."

त्या माउलीने मान हलवली. वाचकहो, अशा घरांत मुलीपासून ही एक गोष्ट नेहमीच लपवली जाते. जिच्या नावाने सारं चालतं, तिलाच विचारत नाहीत.

जुलैत कुवेतचा पारा पन्नाशीला टेकतो. गणपत सहा दिवस गॅरेजात राबत आणि सातव्या दिवशी, शुक्रवारी, तिथूनच दोन गल्ल्या पलीकडच्या एका गोदामात पत्र्यांचे गठ्ठे उतरवायला जाऊ लागले. आपल्या कफीलला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाला, सोडून दुसऱ्याकडे काम करणं कायद्याला धरून नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. घरी ते सांगत, गॅरेजात जादा काम आहे. सहाव्या शुक्रवारी त्या पत्र्याच्या छपराखाली त्यांना भोवळ आली. आधारासाठी त्यांनी गठ्ठा धरला, आणि अख्खा गठ्ठा त्यांच्या उजव्या हातावर घसरला.

दीनानाथ न्यूयॉर्कहून परतले तेव्हा लीनाताई दारातच उभ्या होत्या. "घाडींचा हात गेला हो," त्या म्हणाल्या. "मला काय ठाऊक ते असं काही करतील? मी आपलं विचारलं फक्त."

दीनानाथ युनिफॉर्मवरच इस्पितळात गेले. वॉर्डात गणपत झोपले होते, उजव्या मनगटापासून पुढे बँडेजचा नुसता गोळा होता. अंगठा आणि एक बोट वाचलं होतं. रितेश भिंतीला टेकून उभा होता. समिधा बापाच्या उशाशी बसून त्यांच्या ओठांना ओला कापूस लावत होती. दीनानाथांना पाहून ती उठली आणि त्यांना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली.

"काका, आईने सगळं सांगितलं मला आज," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ते काम चोरून केलेलं, म्हणून गोदामवाला जबाबदारी घेत नाही. गॅरेजचा मालक व्हिसा रद्द करतोय. आईबाबांना गावी जावं लागणार."

"मी त्यांच्या मालकाशी बोलतो, समिधा. चांगला वकील बघू. जो काही खर्च—"

"खर्चाचं नाही म्हणत मी. त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात, ते मी आईला विचारलं. आई म्हणाली, काहीच नाही. मला खरं वाटेना. मी परत विचारलं. काका, तुम्ही 'नको' म्हणाला असतात ना, तर माझे बाबा त्या दिवशी तुमच्या पाया पडले असते."

पंचवीस वर्षं वादळांतून विमानं सुखरूप उतरवणारा हा माणूस त्या मुलीसमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला.

रितेश मागोमाग बाहेर आला होता. "समिधा, आय अ‍ॅम सॉरी. बाबा काही बोलले नाहीत, म्हणून मला वाटलं…"

"काय वाटलं तुला? तू सव्वीस वर्षांचा आहेस, रितेश. मी हे लग्न करणार नाही. रागाने नाही सांगत. उद्या आपल्या घरात काही अडलं, की तुम्ही सगळे असेच खिडकीबाहेर बघाल, आणि ते मला सोसावं लागेल. माझ्या बाबांनी सोसलं, तेवढं पुरे."

एवढं बोलून ती आत गेली. गणपत जागे झाले होते. दीनानाथ पलंगाशी गेले तर त्या माणसाने डावा हात उचलून नमस्कार केला आणि विचारलं, "साहेब, ड्यूटीवरसून थेट इलात? चाय-पानी झाला?" त्या एका प्रश्नाने दीनानाथांच्या डोळ्यांतून पाणी आलं. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना सोसल्या असत्या.

सप्टेंबरात गणपत आणि त्यांची बायको देवगडला गेली. समिधाने क्लिनिककडून स्वतःचा व्हिसा करून घेतला आणि एका मैत्रिणीबरोबर सालमियात राहू लागली. दीनानाथांनी दोनदा पाठवलेला चेक तिने दोनदा परत केला. दुसऱ्या वेळी सोबत चिठ्ठी होती: "काका, इम्तियाजच्या बायकोचं, बुशराचं बाळंतपण जवळ आलंय आणि भाडं परवडत नाही म्हणून तो तिला गावी पाठवतोय. तुम्हाला काही करायचंच असेल तर ते करा, जे तुम्ही त्या सभेत केलं नाहीत."

दीनानाथांनी कॅप्टन अशरफना गाठलं. "तो ठराव पुन्हा मतदानाला घ्या. दहा टक्के सगळ्यांचे."

"अब क्यों?" अशरफ हसले. "लड़के तो चुप हैं."

"गप्प राहतात त्यांच्याच गळ्यात आपण सारं घालत आलोय," दीनानाथ म्हणाले. "सभेत घातलं, आणि घरी जाऊन व्याह्याच्याही गळ्यात घातलं. मला दोन्ही ठिकाणी बोलता आलं असतं."

ठराव पुन्हा घ्यायला तीस सह्या लागत. ते एकेका कॅप्टनच्या घरी जाऊ लागले. कुणी चहा पाजून वाटेला लावलं, कुणी दारच उघडलं नाही. नोव्हेंबरअखेर अकरा सह्या झाल्या होत्या. बुशरा तोवर दापोलीला गेली होती.

अशाच एका संध्याकाळी ठाण्याहून लीनाताईंच्या भावाचा फोन आला. रितेशसाठी स्थळ होतं. मुलीचे वडील बिल्डर. जावयाला ते फ्लॅट देणार, मागायचीही गरज नाही. कित्येक आठवड्यांनी लीनाताईंचा चेहरा उजळला. त्या रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, ते आपणहून देतायत. यात आपला काय दोष?"

दीनानाथ उठले. त्यांनी रिसीव्हर लीनाताईंच्या हातातून घेतला नाही. फोनचं स्पीकरचं बटण तेवढं दाबलं आणि रितेशला हाक मारून समोर बसवलं.

"भाऊसाहेब, मी दीनानाथ. फ्लॅट घेणार नाही, एक भांडंसुद्धा घेणार नाही. आणि त्या मुलीला स्वतःला माझ्याशी फोनवर बोलायला सांगा. आमच्या घरात येण्याआधी तिला एक गोष्ट कळायला हवी. आम्ही एका बापाला जावयाचं कर्ज फेडायला लावलं, आणि त्यात त्याचा उजवा हात गेला. ते घडत होतं तेव्हा मी समोर बसलो होतो. हे ऐकूनही तिला यायचं असेल तर येऊ दे."

"दीनानाथराव, असं कुणी सांगतं का?" भाऊसाहेब म्हणाले.

"नाही सांगत," दीनानाथ म्हणाले. "म्हणूनच हे चालत राहतं."

लीनाताई पदराने डोळे पुसत आत गेल्या. रितेश मान खाली घालून बसला होता. मग त्याने फोन आपल्याकडे ओढला.

"मामा," तो म्हणाला, "बाबा नाही, मी सांगतो तिला. मीही तिथेच बसलो होतो."