तीन ठोक्यांनंतर

हार्लंडांच्या घरातली पुढची खोली दोनच कारणांसाठी उघडायची: नाताळ आणि मयत. एरवी तिला कुलूप. मार्चमध्ये ती मेबेलच्या नवऱ्यासाठी, एर्नीसाठी उघडली, त्याला तीन दिवस तिथे ठेवलं आणि मग पुन्हा बंद झाली. आता डिसेंबर अर्धा सरला तरी मेबेलला ती किल्ली हातात घ्यायचा धीर होत नव्हता.

एर्नी सुतार होता. स्कार्बीसारख्या समुद्रकाठच्या गावात सुताराला होड्याही दुरुस्त कराव्या लागतात आणि शवपेट्याही ठोकाव्या लागतात. हा बाबा दोन्ही कामं शीळ घालत करायचा. पण गावात त्याचं खरं नाव होतं ते गोष्टीसाठी. नाताळच्या आदल्या दिवशी, चारच्या सुमाराला अंधारून आलं की वीस-बावीस माणसं त्या पुढच्या खोलीत दाटीवाटीनं बसायची. दिवे मालवले जायचे आणि शेकोटीच्या उजेडात एर्नी भुताची गोष्ट सांगायचा. चाळीस वर्षं तीच एक गोष्ट. कड्यावरचं काळ्या दगडाचं घर, होणाऱ्या बायकोसाठी ते बांधणारा माणूस, लग्नाला येताना गलबतासकट बुडालेली ती नवरी, आणि तिच्यासाठी जन्मभर कडी न लावलेलं दार.

मेबेलनं ही गोष्ट पुरती कधीच ऐकली नाही. गोष्टीत जिन्यावर ओल्या पावलांचा आवाज यायला लागला की ती खाण्याचं निमित्त काढून स्वयंपाकघरात पळायची. लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात एर्नीनं यावर तोडगा काढला होता. "तू खुशाल जा," तो म्हणाला होता. "गोष्ट संपली की मी टाच तीनदा आपटेन. ठोके ऐकलेस की ताट घेऊन ये. पण त्याच्या आधी येऊ नकोस हं."

तेव्हापासून दरवर्षी तसंच. ठोके पडायचे, ती मनुका भरलेल्या गरम पेस्ट्र्यांचं ताट उचलायची, कमरेनं दार ढकलायची आणि आत एकच किंकाळी उठायची. मागोमाग हशा. एर्नी खुर्चीतून म्हणायचा, "आलीस? किती वाट बघायला लावलीस!" ती फणकारायची, "हात दोनच आहेत मला." यावर तर लोक गडाबडा लोळायचे. एवढी भीती वाटल्यावर माणसाला कशाचंही हसू येत असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

एर्नी गेला तेव्हाही ती स्वयंपाकघरातच होती. त्यानं चहा मागितला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण मार्चपासून तिला एकच गोष्ट खात होती. चाळीस वर्षं ज्याच्याशी संसार केला, त्याचा कुठलाच शेवट आपण पाहिला नाही. त्याचा स्वतःचा तर आता बघता यायचा नाही. निदान गोष्टीचा तरी कळावा.

वीस तारखेला तिची नणंद नोरा आली आणि टोपीही न काढता म्हणाली, "यंदा नकोच ते. एर्नीशिवाय कसली गोष्ट! चर्चच्या हॉलमध्ये चहा पाजू सगळ्यांना, झालं."

"आधी मला शेवट सांग," मेबेल म्हणाली.

"कसला शेवट?"

"गोष्टीचा. तीन ठोके पडल्यावर काय होतं?"

गावातल्या प्रत्येकाच्या भानगडी जिला तोंडपाठ, ती नोरा चक्क म्हणाली, "ते मी नाही सांगायची. शपथ घातलीय त्यानं."

"अगं, गेलेल्या माणसाची कसली आलीय शपथ?"

"गेलेल्याचीच जास्त असते बाई," नोरा म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून उगाच नाक पुसू लागली.

मेबेल तशीच उठून धक्क्यावर गेली. एर्नीचा लहानपणापासूनचा दोस्त, सिड बुल्मर, खेकडे धरायचे सापळे शिवत बसला होता. त्याला विचारलं तर तो कानापर्यंत लाल झाला.

"सांगण्यासारखं काही नाहीच गं त्यात. ठोक्यांनंतर एर्नी गप्पच बसायचा."

"गप्प बसायचा आणि लोक किंचाळायचे?"

"हो."

"मला काय दूधखुळी समजतोस, सिड?"

"ती हिंमत माझी नाही," सिड म्हणाला आणि गाठ एवढी आवळली की दोरी तुटली.

आता मात्र तिचं डोकं फिरलं. पोस्टमनच्या पोरांना माहीत, बेकरीवाल्याला माहीत, आणि चाळीस वर्षं ताट वाहणाऱ्या बायकोला तेवढं माहीत नाही! घरी येऊन तिनं तिरीमिरीत पुढच्या खोलीचं कुलूप काढलं. आत अजून लाकडाच्या पॉलिशचा वास होता. ती दारातच थोडा वेळ रडली, मग पडदे झटकले. गोष्ट होणार, सिड सांगणार आणि आपण जागची हलणार नाही, असं तिनं गावभर कळवून टाकलं.

चोवीस तारखेला झाडून सगळे आले. एर्नीच्या खुर्चीत बसायला सिड काही केल्या तयार होईना. तो शेजारी स्टुलावर बसला. सुरुवातीला त्याची जीभ अडखळत होती, पण कड्यावरचं घर आलं आणि शब्द सापडले, कारण ते सगळे एर्नीचेच होते. जिन्यावर ओली पावलं वाजली. मेबेलनं नोराचं मनगट घट्ट धरलं आणि नजर कुठे ठेवावी कळेना म्हणून लोकांच्या तोंडाकडे पाहिलं.

आणि तिला नवलच वाटलं. घाबरलेलं असं कुणी दिसतच नव्हतं. वादळात होडीला उशीर झाला की धक्क्यावर उभी असतात तशी ती तोंडं होती. सिडचा भाऊ सत्तावीस वर्षांपूर्वी समुद्रात गेला तो सापडलाच नाही. बेकरीवाल्याची मुलगी सहाव्या वर्षी तापानं गेली. ही माणसं इथे भीतीसाठी येतच नव्हती. गेलेलं माणूस ओल्या पावलांनी का होईना, जिना चढून परत येतं, हे ऐकायला येत होती. त्यासाठी थोडं घाबरावं लागलं तर त्यांची ना नव्हती.

सिडनं टाच आपटली. एक. दोन. तीन.

सगळ्यांनी दाराकडे माना वळवल्या. मेबेलनंही वळवली. दार बंदच होतं. शेकोटीत एक ओंडका फुटला. कुणी हललं नाही.

"मग?" मेबेलनं विचारलं.

शेवटी नोरा हळूच म्हणाली, "मग तू यायचीस."

"म्हणजे?"

"म्हणजे तीन ठोके पडायचे, दार उघडायचं आणि स्वयंपाकघराकडच्या बोळातल्या अंधारातून तू यायचीस. तोंडाला पीठ, केस सुटलेले. आमची दरवर्षी गाळण उडायची गं, माहीत असूनसुद्धा. 'आलीस? किती वाट बघायला लावलीस!' हे गोष्टीतलं वाक्य आहे, मेबेल. तो माणूस बुडालेल्या नवरीला म्हणतो. तिथे गोष्ट संपते."

मेबेलनं खाली आपल्या हातांकडे पाहिलं. "आणि माझे दोन हात?"

"ते तुझं तूच घातलंस. भूत आलं ते आलं, वर तोंड करून भांडलं! लोक त्यासाठीच तर यायचे."

"मला सांगितलं का नाही त्यानं?"

"तू हसत आली असतीस ना," सिड म्हणाला. "एर्नी म्हणायचा, तिला कळलं की भूत मेलं."

मेबेल हसली आणि हसतानाच तिला रडू फुटलं. तो दरवर्षी त्या खुर्चीत बसून तिचीच वाट बघत होता, आणि ती पलीकडे पेस्ट्र्या जळतायत का ते बघत होती. तिला तो हवा होता. गोष्टीतला नाही, शीळ घालणारा, चहा मागणारा हवा होता.

ती उठली. "सिड, मी आत जाते. जरा वेळानं पुन्हा ठोके दे."

तिनं ताट भरलं, बोळातला दिवा मालवला आणि बंद दारासमोर उभी राहिली. आतून तीन ठोके आले, नेहमीसारखे. तिनं दार ढकललं नाही. ती दार ढकलेपर्यंत एर्नी आत होता. पाइप विझवून, मिश्यांत हसू दाबून, दाराकडे डोळे लावून बसला होता. पेस्ट्र्या गार होत चालल्या, तिचे हात भरून आले, तरी ती तशीच उभी राहिली. आतही कुणी घाई केली नाही.

मग तिनं कमरेनं दार ढकललं. कुणी किंचाळलं नाही, कुणी हसलं नाही. ती सरळ रिकाम्या खुर्चीपाशी गेली, ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "आले रे. हात दोनच आहेत मला."