मागितल्याशिवाय नाही

आमचे सर्जन परीक्षेत नापास झाले आणि चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मन मोकळं होईल.

दर पाच वर्षांनी सर्जन मंडळींना नव्या शिक्षणाचे तास भरावे लागतात आणि शेवटी हातांचीही परीक्षा द्यावी लागते. लेखी पेपरात डॉक्टरांनी बाजी मारली. पण प्रात्यक्षिकात, रबरी पोटावर ऑपरेशन करताना, त्यांनी सवयीप्रमाणे नुसता हात पुढे केला. शेजारची नर्स परकी. ती हाताकडे बघत राहिली, हे हात पुढे धरून उभे राहिले, आणि रक्त म्हणून नळीत सोडलेलं लाल पाणी टेबलावरून खाली गळायला लागलं. परीक्षकांनी शेरा मारला, सहकाऱ्यांशी बोलत नाहीत. आता एकच संधी उरली होती. ती हुकली की ऑपरेशन करायचा परवाना गेला.

बोलणार कसे? एकोणीस वर्षं त्यांची ऑपरेशनची नर्स म्हणून मी त्यांना बोलूच दिलं नव्हतं. त्यांचा खांदा हलला की मला कळायचं, कात्री हवी की रक्तवाहिनी चिमटून धरायचा क्लॅम्प. त्याचा केवढा तोरा होता मला! लाडाने पोर बिघडावं तसा मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस बिघडवून ठेवला होता.

मग मीच कंबर कसली. दुपारी दिवसाची ऑपरेशनं संपली की रिकाम्या थिएटरात उशीवर सराव, आणि मागितल्याशिवाय सुईसुद्धा द्यायची नाही. पहिल्याच दिवशी हात पुढे आला. मी हाताची घडी घालून ढिम्म उभी. नाव सांगा म्हटलं, तर त्यांना नावच आठवेना. "ते... वाकडं," म्हणाले. मी हसले, ते चिडले, मग दोघंही पोट धरून हसलो.

घरी वहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने, दुसरी आघाडी उघडली. त्या फोनवर सांगायच्या, हे आता जेवताना "पाणी, अर्धा ग्लास" असं मागतात आणि हातात आलं की "मिळालं" म्हणतात. त्यांच्या सासूबाईंनी तर आपल्या मुलाचं डोकं तपासून घ्यायला सांगितलं होतं.

परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकली. काचेच्या अलीकडे वहिनी आणि मी, पलीकडे डॉक्टर. शेजारी चष्मा लावलेली, पस्तिशीची अनोळखी नर्स. डॉक्टरांनी आधी तिचं नाव विचारलं, तेव्हाच मी वहिनींना कोपर मारलं. कात्री मागितली, मिळाली. धागा मागितला, मिळाला. आणि एकदम लाल पाणी उसळलं.

डॉक्टरांनी वाकडा क्लॅम्प मागितला. नर्सबाईंनी गडबडीत सरळ दिला. आमच्याकडे असं झालं असतं तर त्यांच्या ओरडण्याने थिएटर दणाणलं असतं.

"हा सरळ आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "वाकडा हवा. तुमच्या उजवीकडून दुसरा. मी बोटाने दाबून धरलंय, सावकाश द्या."

बाईंचा हात थांबला, वळला आणि बरोबर जागी पडला. पाणी थांबलं. मी अशी उसळले की कपाळ काचेवर आपटलं आणि परीक्षकांनी वळून पाहिलं. वहिनी हसत होत्या, डोळे पुसत होत्या, दोन्ही एकदम.

डॉक्टर पास झाले. घामाघूम होऊन बाहेर आले ते थेट माझ्यापाशी.

"सिस्टर, जमलं हो मला," म्हणाले.

आनंदाने मी त्यांचे दोन्ही हात धरले. आणि त्याच वेळी आत कुठेतरी तुटलं. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होणार. माझ्यामागे यांचं कसं व्हायचं, या काळजीने मला कित्येक दिवस झोप नव्हती. आता दिसत होतं की छान होणार. मी नसले तरी.

पलीकडे त्या बाई एकट्याच हत्यारं गोळा करत होत्या. मी डॉक्टरांना वहिनींच्या हवाली केलं आणि आत जाऊन बाईंना विचारलं, "आमच्याकडे एक जागा रिकामी होतेय. याल का?"