भाऊजींनी ओतलेलं तेल

भाऊजींना न कळणारी एकही गोष्ट या जगात नव्हती, आणि तीच त्या घराची मोठी पंचाईत होती. नळ गळो, दाढ दुखो, कुणाचं लग्न अडो, धाकट्या सुनेच्या नवऱ्याचे हे थोरले भाऊ बोलावण्याची वाट न बघता हजर. आयुष्यभर त्यांनी एका गोदामात खोकी मोजली होती. पण बोलायला लागले की वाटावं, डॉक्टर, वकील आणि इंजिनिअर हे तिघं यांच्याच हाताखाली शिकून गेले. ती त्यांना मनातल्या मनात उंटावरचा शहाणा म्हणे. उघड म्हणायची सोय नव्हती.

ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. न मोजता, न तपासता बोलणाऱ्या माणसाचा तिला उपजतच तिटकारा. एका संध्याकाळी कामावरून परतताना गाडीत ब्रेकचा लाल दिवा लागला. हँडब्रेक पूर्ण खाली होता, तरी दिवा जाईना. घरी आल्यावर तिनं गाडीचं पुस्तक काढलं, बोनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी पाहिली. पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेली होती. मेकॅनिकला फोन केला, तर तो म्हणाला की वरून काही ओतू नका, ऑइल उगाच कमी होत नाही. एक तर कुठेतरी गळतंय, नाहीतर ब्रेकचे पॅड झिजलेत. उद्या दुपारी मीच येऊन बघतो, तोवर गाडी हलवू नका.

जेवताना तिनं हे सगळं सांगितलं. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आठवड्यापूर्वी झालेलं, सकाळी अकराला त्यांना दाखवायला न्यायचं होतं, आणि दवाखाना उताराच्या अगदी तळाशी. टॅक्सीनं जाऊ, ती म्हणाली. नवऱ्यानं मान हलवली. तो कुणाहीपुढे मान हलवत असे, त्यामुळे त्या हलण्याला फारसा अर्थ नव्हता.

सकाळी ती कपडे वाळत घालायला खाली उतरली, तर गाडीचं बोनेट उघडं आणि भाऊजी बाह्या सारून उभे. शेजारी नवरा, हातात फडकं घेऊन. भाऊजींनी मोठ्या समाधानानं तिला ड्रायव्हरच्या सीटजवळ बोलावलं आणि किल्ली फिरवून दाखवली. दिवा विझला होता.

"एवढ्यासाठी मेकॅनिक?" भाऊजी म्हणाले. "घोटभर तेल मागत होती बिचारी. मी वीसेक वेळा ब्रेक दाबून ते आत मुरवलंय. आईला आता बिनधास्त घेऊन जा."

थर्मामीटर फोडला की ताप उतरला, असं मानणाऱ्यांतले होते भाऊजी. तिनं विचारलं, कुठलं तेल? त्यांनी मागच्या भिंतीवरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे गाडीच्या आधीच्या मालकानं गाडीतच सोडलेली, अर्धी भरलेली बाटली होती. तिच्यावर स्टिअरिंगचं चित्र होतं. लहान पोरालाही कळावं इतकं मोठं चित्र.

"भाऊजी, हे स्टिअरिंगचं तेल आहे."

"तेल ते तेल. कंपन्या बाटल्या वेगळ्या करतात, तुमच्यासारख्यांना फसवायला."

वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती वर गेली, ड्रॉपर आणि पाण्यानं भरलेले दोन काचेचे पेले घेऊन आली आणि ते तिथल्याच कट्ट्यावर ठेवले. ड्रॉपर डबीत खोल घालून तळातलं थोडं काढलं, पहिल्या पेल्यात सोडलं. पिवळसर थेंब पाण्यात विरघळून नाहीसे झाले. मग ड्रॉपर पुसून वरवरचं काढलं आणि दुसऱ्या पेल्यात सोडलं. तांबडे थेंब पाण्यावर तवंगासारखे पसरले आणि तिथेच राहिले.

"खरं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं," ती म्हणाली. "हे तरंगतंय. यानं ब्रेकमधली रबरं फुगतात. उतारावर पाय दाबला तर गाडी थांबेलच, असं आता कुणी सांगू शकत नाही."

भाऊजींनी पेला उचलून उजेडात धरला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला. पाणीच खराब असेल, असं म्हणून त्यांनी तो खाली ठेवला आणि त्यांना अचानक घरी काम आठवलं. तिनं किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली, टॅक्सी बोलावली आणि सासूबाईंना दवाखान्यात नेऊन आणलं.

दुपारी मेकॅनिक आला, डबीत डोकावला आणि गाडी ओढूनच नेली. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला गॅरेजमध्ये बोलावून डबीच्या झाकणातलं रबर तळहातावर ठेवून दाखवलं. ते भिजलेल्या पावासारखं फुगलं होतं. मुळात पुढचे पॅड तेवढे झिजले होते, तो म्हणाला. ते बदलले असते तर पातळी आपोआप वर आली असती, तासाभराचं काम. आता ब्रेकच्या नळ्या धुवायच्या, मुख्य सिलिंडरपासून चाकापर्यंत जिथे जिथे रबर आहे ते सगळं नवं घालायचं. आठवडा जाईल.

"कुणी ओतलं, ताई?"

"घरात एक तज्ज्ञ आहेत," ती म्हणाली. मेकॅनिकनं पुढे विचारलं नाही. असे तज्ज्ञ त्याच्या ओळखीचे असावेत.

भाऊजींच्या तोंडी ही गोष्ट दोन दिवसांत पालटली. मी बोनेट उघडलं म्हणून पॅड झिजलेले सापडले, नाहीतर सगळे दरीत गेले असते, असं ते फोनवर कुणालातरी सांगत होते. तिला याचं नवल वाटलं नाही, रागही आला नाही. मूर्खावर रागावणं म्हणजे त्याला मान देणं.

राग आला तो निराळ्याच गोष्टीचा. रात्री जेवण झाल्यावर नवरा चाचरत म्हणाला, "दादानं ती बाटली काढली तेव्हा मी पाहिलं होतं. चित्रसुद्धा पाहिलं."

"मग?"

"दादाला काय सांगणार? लगेच अपमान वाटतो त्याला."

भाऊजींना ठाऊक तरी नव्हतं. याला ठाऊक होतं, आणि भावाचं तोंड वाकडं होऊ नये म्हणून यानं आईला त्या गाडीत बसू दिलं असतं. फडकं धरून उभा राहिला असता, मान हलवत.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"मला नको सांगूस. त्या गाडीत तुझी आई बसणार होती. तिला जाऊन सांग."

तो उठला, आईच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. आत रेडिओवर बातम्या चालू होत्या आणि सासूबाई बातम्या देणाऱ्या बाईच्या उच्चारांना नावं ठेवत होत्या, बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. तो दाराशी जरा वेळ उभा राहिला आणि पाय न वाजवता परत आला.

"झोपलीय ती," तो म्हणाला.