डाव्या शिंगाची शेंबी

मित्रांनो, मी एक जुनी शेंबी आहे. नाव ऐकून लगेच नाकाला रुमाल लावू नका. पोळ्याला बैलाच्या शिंगाच्या टोकावर धातूची नक्षीदार टोपी चढवतात ना, तिला शेंबी म्हणतात. मी डाव्या शिंगाची. उजव्या शिंगाची वेगळी, तिला मी नुसती ‘उजवी’ म्हणते. आमचे आयुष्य गेले बैलाच्या डोक्यावर, त्यामुळे माणसे आम्ही नेहमी वरून पाहिली. वरून माणसाची टोपी तर दिसतेच, टोपीखाली काय शिजते आहे तेही बरेच कळते.

माझा जन्म भट्टीत झाला. केदारखेड्याच्या एका शेतकरी घरात एक फुटकी काशाची थाळी आणि दोन-तीन चेमटलेले पितळी तांबे पडून होते. घरधन्याने ते ओताऱ्याकडे नेले. धातू वितळवून वस्तू ओतणाऱ्या कारागिराला ओतारी म्हणतात. त्याने मेणाचे दोन राघू घडवले, त्यांच्यावर माती लिंपली आणि माती भाजली. मेण वाहून गेले, आत राघूच्या आकाराची पोकळी उरली. तिच्यात त्याने लालभडक रस ओतला. काय सांगू तो क्षण! काल जी थाळी भाकरीखाली मुकाट बसत होती, तिला आज चोच आली, पंख आले, गळ्यात घुंगरू आले.

ओतारी मोठा खोडकर. त्याने माझ्या राघूची मान उजवीकडे वळवली आणि उजवीच्या राघूची डावीकडे. म्हणजे बैलाच्या शिंगांवर चढलो की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. मध्ये बैलाचे कपाळ आणि त्यावर रंगीत गोंडे. बैल चालला की इकडून माझे घुंगरू, तिकडून तिचे. गावाने आम्हाला मान दिला. ज्या बैलाच्या शिंगावर राघू, तो बैल तोरणाखालून पहिला! पोरे मागे धावत, म्हातारे पागोटे सावरत पुढे येत आणि मला वाटे, हा सगळा गाव माझ्यामुळेच उठून बसला आहे. गर्व होता थोडा. घुंगरू असलेल्या प्रत्येकीला असतोच.

त्या घरात पुढे दोन भाऊ झाले. थोरला भुजंग, धाकटा सोमेश्वर. वडिलांनी दोघांना कामे वाटून दिली होती. डावे शिंग भुजंगने सजवायचे, उजवे सोमेश्वरने. भुजंग मला तेल लावी, आत चिंधीचा एक वेढा देई आणि मला आतून बाहेर फिरवत शिंगावर बसवी. पलीकडून सोमेश्वर ओरडे, “दादा, तुजी वाकडी बसली!” भुजंग म्हणे, “तुजी बघ आधी, तिचा राघू आभाळाला चोच मारून राह्यला!” दोघांची जीभ बाहेर, चेहरे रंगाने माखलेले. आणि बैल बिचारा उभा.

मोठे झाल्यावर हेच दोघे वाटणीला बसले. शेत वाटले, विहीर वाटली. शेवटी आमची पाळी आली. पंच म्हणाले, जोडी एकाने घ्या, दुसऱ्याने मोठे घंगाळ घ्या. दोघेही एका आवाजात म्हणाले, “न्हाई. माझी मला द्या.” आणि मित्रांनो, शहाण्या माणसांनी भर दुपारी जोडी फोडली. मी भुजंगकडे, उजवी सोमेश्वरकडे. पंचांनी मान डोलावली, कारण हिशेब बराबर होता. एकाला एक, दुसऱ्याला एक. हिशेब किती बराबर असला म्हणजे माणूस वेडा ठरतो, याचा आकडा मात्र कोणी मांडला नाही.

त्यानंतरचे पोळे आठवले की आजही मला हसू येते. भुजंगच्या बैलाचे डावे शिंग राघूवाले आणि उजवे बोडके. सोमेश्वरच्या बैलाचे बरोबर उलटे. पहिला मान एका वर्षी याला, दुसऱ्या वर्षी त्याला. भावाभावांत बोलणे बंद. तोरणाशी गाठ पडली की दोघे एकमेकांच्या बैलाची विचारपूस बैलालाच करीत.

पुढे भुजंगने बैल विकून ट्रॅक्टर घेतला. पोळा आला, तशी त्याला माझी आठवण झाली. ट्रॅक्टरला शिंगे नसतात, पण धुराचे नळकांडे असते. त्याने मला त्या नळकांड्यावर बसवले! ट्रॅक्टर सुरू झाला, आत धूर कोंडला आणि फाट्‌कन आवाज होऊन मी जी उडाले, ती थेट शेजारच्या पत्र्यावर. अख्खी गल्ली हसली. भुजंग तेवढा हसला नाही. मला घरी आणून त्याने गोठ्यातल्या खुंटीवर टाकले. तिथे मी कधी दोरीचा गुंडा सांभाळला, कधी डिझेलच्या कॅनचे झाकण झाले. राघूच्या पंखांत काजळी बसली. एवढे मात्र नमूद करते की मला मोडीत घालण्याची गोष्ट दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा भुजंग जेवणावरून उठून गेला.

अशात एके दिवशी म्हैस आजारी पडली आणि डॉक्टर प्रियदर्शनी आल्या. भोकरदनला राहणाऱ्या या जनावरांच्या डॉक्टर. हात म्हशीच्या पोटावर, पण नजर खुंटीवर! मला ती नजर लगेच कळली. जुन्या धातूच्या वस्तू जमवणारी माणसे अशीच बघतात, भुकेला माणूस पंगतीकडे बघतो तशी.

“भुजंगकाका, ही काशा-पितळाची ओतीव शेंबी! आणि राघू! अहो, हिची जोडी कुठंय?”

“जोडी त्या सोमेश्वराकडं,” भुजंग म्हणाला. “तुमाला पायजे का? मंग आधी त्याच्याकडून आना. त्यानं दिली तर मी बी देतो. चार मानसांत सांगतो, बिलकुल मागं सरनार न्हाई.”

डॉक्टरबाई पलीकडच्या गल्लीत गेल्या. तिथे सोमेश्वर म्हणाला, “आदी त्याची आना ताई. त्याच्या आदी मी दिली तर लोक म्हनतील, धाकला हरला.”

बाई हसत हसत परत गेल्या. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तर त्याने एकाला दुसऱ्याचे खोटे सांगून काम साधले असते. धातू जमवणाऱ्यांत अशी हुशारी कमी नाही. पण बाईंनी पंगतीचे पान समोर असून हात आवरला. त्यांच्या खात्यावर मी त्याच दिवशी एक मोठी जमा टाकली.

मग आखाडात वाईट बातमी आली. सोमेश्वरचा बैल सर्जा मान तिरकी धरू लागला, डोके झटकू लागला. त्याच्या उजव्या शिंगाला आतून कर्करोग झाला होता. बाईंनी शिंग मुळापासून कापले, जखम बांधली आणि रोज येऊन पट्टी बदलली. सर्जा वाचला. सोमेश्वरने आनंदाच्या भरात उजवीला काढले आणि बाईंच्या हातात ठेवले. “घ्या ताई. शिंगच न्हाई राह्यलं, हिचं काय करू? तुमच्या कपाटात तरी मानानं बसंल.”

बातमी भुजंगच्या कानावर गेली आणि शब्दात अडकलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मी खुंटीवरून पाहिले. त्याच्या बायकोने मला घासायला चिंच भिजवली. तेवढ्यात बाई आल्या आणि दारातूनच ओरडल्या, “काकू, नका नका! तिचं सगळं वय घासून जाईल!” त्यांनी मऊ कोरड्या फडक्याने माझी काजळी टिपली. भुजंगने मला त्यांच्या हाती दिले आणि दुसरीकडे बघत विचारले, “त्याचा बैल बरा हाय का?” बाई म्हणाल्या, “बरा आहे.” तो म्हणाला, “मला काय करायचं!”

मित्रांनो, बाईंचे कपाट तुम्ही बघायला हवे होते! पोपटाच्या आकाराचा अडकित्ता, मोर बसवलेला कुंकवाचा करंडा, हत्तीच्या पाठीवरचा दिवा, आवाजात थरथर असलेली काशाची घंटा. प्रत्येकाजवळ चिठ्ठी, कोणत्या गावाची, कोणाच्या घरची. आणि मधल्या फळीवर, कापसावर, उजवी! बाईंनी मला तिच्यासमोर ठेवले. राघूंनी एकमेकांकडे पाहिले. मध्ये बैल नव्हता, कपाळ नव्हते, गोंडे नव्हते. बाईंनी दार लावताना कपाट जरासे हलले आणि दोन्ही घुंगरे एकदम वाजली. बाई लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत एकट्याच हसल्या. फोनवर कोणाला तरी सांगू लागल्या, “जोडी मिळाली! पूर्ण जोडी! आता ही कपाटाबाहेर निघायची नाही.”

पोळा दोन दिवसांवर आला आणि सोमेश्वर मलम न्यायला आला. बाईंनी विचारले, “सर्जाला मिरवणार ना?”

“न्हाई ताई,” तो म्हणाला. “एका शिंगाचा बैल. उजवं गेलं, डाव्याला शेंबी न्हाई. पोरं हसतील त्याला. इतकी सालं पहिला गेल्ता, आता सगळ्यांच्या मागं बोडका नेऊ का? गोठ्यातच पुरनपोळी चारतो. त्याला कळत असतं हो. सकाळपून तोरणाच्या दिशेनं तोंड करून उभा हाय.”

तो गेला. बाई कपाटासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी डाव्या शिंगाची. सर्जाचे उरलेले शिंग डावे. माझे घुंगरू वाजायला नुसते उतावीळ झाले होते! पण मला बाईंची भीतीही दिसत होती. गर्दीत मी पडले, हरवले, चेपले, तर एवढ्या वर्षांनी मिळालेली जोडी गेली. जमवणाऱ्या माणसाला हे सांगणे म्हणजे आईला सांगणे, बाळ जरा जत्रेत सोडून ये. त्यांनी दार उघडले, पुन्हा लावले. मग एकदम दोघींना फडक्यात गुंडाळले आणि गाडीला किक मारली.

पोळ्याच्या दुपारी त्या आधी भुजंगच्या दारात थांबल्या. “काका, ही आता माझी आहे, पण तुमची होती. सर्जाच्या शिंगावर बसवली तर चालेल का?”

भुजंगने मला बाईंच्या हातातून घेतले. मग उसळून म्हणाला, “चालंल का म्हंजी? डाव्या शिंगाची हाय ती! पन तुमाला बसवता यायची न्हाई. मिरवनुकीत पाडून ठेवाल.” आणि बायकोला हाक दिली, “चिंधी आन गं जल्दी!”

आणि तो निघाला. पलीकडची गल्ली, जिथे त्याने इतकी वर्षे पाऊल टाकले नव्हते, तिथे तो मला मुठीत धरून असा चालला की बाईंना मागे पळावे लागले. गोठ्यात सोमेश्वर सर्जाचे शिंग रंगवत होता. भावाला बघून त्याचा हात थांबला. भुजंगने तेल लावले, चिंधीचा वेढा दिला आणि मला शिंगावर फिरवू लागला. मग हळूच आवाज आला.

“दादा, वाकडी बसली.”

भुजंगने मला सरळ केले. “मला शिकवतो का रे? तुजी कुठंय? आन ती हिकडं.”

“तिला शिंग कुठं राह्यलं आता?”

“कपाळ हाय ना!”

बाईंनी फडक्यातली उजवी पुढे केली आणि सोमेश्वरने तिला सर्जाच्या कपाळावरच्या गोंड्यात गच्च बांधले. मित्रांनो, आयुष्यात मी तिला इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते! चोचीला चोच लागायची तेवढी बाकी होती. सर्जाने मान झटकली आणि दोन्ही घुंगरांनी गोठा दणाणून सोडला. तोरणाशी पोहोचलो तेव्हा पोरे हसली नाहीत. उलट अशी काही ओरडली की पुढच्या बैलांनी आपणहून वाट दिली. एका शिंगाचा सर्जा तोरणाखालून पहिला गेला. डाव्या बाजूला भुजंग, उजव्या बाजूला सोमेश्वर. बाई मात्र सगळा वेळ माझ्याखाली ओंजळ धरून चालत होत्या, न जाणो पडले तर!

आता आम्ही दोघी बाईंच्या कपाटात असतो. आमच्या चिठ्ठीवर दोन्ही भावांची नावे आहेत आणि खाली एक अट आहे, दर पोळ्याला बाहेर. बाजारच्या दिवशी भुजंग आणि सोमेश्वर औषधाचे निमित्त काढून येतात. खरे तर ते बघायला येतात की दुसऱ्याची शेंबी आपलीपेक्षा जास्त चमकत नाही ना. वय झाले तरी स्वभावाची कल्हई उडत नाही.

मित्रांनो, एकच विनंती करते. तुमच्या घरी माळ्यावर, खुंटीवर, कॅनच्या तोंडावर असे काही जुने पडले असेल तर चिंचेने खसाखसा घासू नका आणि मोडीतही घालू नका. आधी घरच्यांना विचारा, ते कोणाच्या हातचे आहे आणि त्याची जोडी कुठे आहे. जोडी दुसऱ्या गल्लीत असेल, तर चपला घाला आणि जा. दारात काय बोलायचे सुचले नाही, तर नुसते म्हणा, वाकडी बसली.