आहेरातला मासा

पलूसच्या नव्या घरात रेश्मा सकाळी उठली, की देव्हाऱ्याआधी काचेच्या टाकीपाशी जायची. मासा जिवंत आहे ना, एवढंच बघायची. मगरीसारख्या लांब तोंडाचा तो मासा टाकीत तिरपा पडून असे. नाक एका काचेला, शेपूट दुसऱ्या काचेला. वळायचं झालं तर अंगाचं धनुष्य करावं लागे, आणि तसं वळून वळून त्याचा कणा खरोखरच वाकला होता.

वास्तुशांतीला तिच्या धाकट्या भावानं, रहिमतपूरच्या वीरधवलनं, हा मासा टाकीसकट आहेर म्हणून आणला होता. तेव्हा तो करंगळीएवढा होता. साड्या-भांड्यांच्या ढिगात सगळ्यांचे डोळे त्याच्यावरच खिळले.

"केवढा हुतो ओ पावणं ह्यो?" रेश्माच्या सासूनं, अंबूबाईनं विचारलं.

"मावशी, दुकानदार म्हनला, टाकीच्या मापानंच वाढतो."

घरादारानं ते खरं मानलं. मासा मात्र आपल्या जातीच्या मापानं वाढला.

रेश्मानं काही कमी केलं नाही. कोंबडीचे तुकडे घातले, टाकी उपसून उपसून पाणी बदललं, शेवटी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर टाकीभोवती फिरून म्हणाले, "वहिनी, म्हस असती तर सुई टोचली असती. ह्याला कुठं टोचू?" अंबूबाई तेव्हा हसली. पण दुपारी टाकीसमोर तांदूळ निवडताना तिच्या तोंडी आपसूक ओवी आली:

काचंचा गं वाडा, पानी त्यात वीतभर
वळाया जागा न्हाई, जीव माझा हातभर

"आत्या, असं म्हनू नका," रेश्मा म्हणाली. "माज्या भावाचा आहेर हाय. कुणाला देता येत न्हाई, का टाकता येत न्हाई."

पण मासा खाईनासा झाला, तसं तिनं ठरवलं, कृष्णेत सोडायचा. जीव तरी मोकळा होईल. मासा न्यायला रिकामं पिंप घेऊन ती दारात आली, तर शेजारच्या आम्रपालीताई कॉलेजातून परतत होत्या. त्या तिथं प्राणिशास्त्र शिकवत.

"ताई, पुण्याचं काम हाय. जरा हात लावा."

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. "हे पुण्य नव्हे, रेश्मा. हा शिकारी मासा आहे, बाहेरच्या देशातला. नदीत जगला, तर मरळ, वाम, त्यांची पिल्लं, काही ठेवायचा नाही. एका जिवाला सोडवताना त्याला किती जिवांच्या मागं लावून देशील?"

"मंग आमच्या हिरीत सोडू?"

"पुराचं पाणी विहिरीत शिरतं ना? आलं तसं त्याला घेऊन नदीला जाईल."

ताईंनी तिथंच उभ्या उभ्या शहरातल्या एका मत्स्यालयाला फोन लावला. पलीकडचा माणूस थकल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, असला मासा घ्या म्हणून सारखे फोन येतात. जागाच उरली नाही."

रेश्मानं पिंप पालथं घातलं आणि त्यावर बसली. "मंग मी करू तरी काय?"

"कोंबडी बंद कर. माशाचेच तुकडे दे, तेही बेतानं. पाणी सगळं एकदम उपसू नकोस, थोडं थोडं बदल. नळाचं असेल तर शिळं करून घाल. मोठा हौद मिळाला तर त्याचे हाल कमी होतील. पण कणा सरळ होणार नाही, बाई. तिथं माझंही शिक्षण संपतं."

त्याच आठवड्यात वीरधवल आला. हातात पाण्यानं फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी, आत तसलंच एक इवलं पिल्लू.

"आक्का, मित्राची वास्तुशांती हाय. म्हनलं, तुज्यासारखाच आहेर करावा. च्या टाक."

भावाला कधी उलट न बोललेल्या रेश्मानं त्याचा हात धरून त्याला टाकीपुढं बसवलं.

"च्या मागनं. आदी ह्यो कसा वळतो, तेवढं बघ."

मासा वळू लागला. तोंड काचेवर घासलं, पाठ वाकली, अर्ध्यात अडकला, पुन्हा मागं आला.

"आजारी हाय का?" वीरधवलनं हळूच विचारलं.

"न्हाई रं. मोठा झालाय."

त्याची मान खाली गेली. "दुकानदार तर म्हनला हुता..."

"त्येला इकायचं हुतं. आपुन तरी कुटं इचार केला?"

"आवं पावणं," अंबूबाई म्हणाली, "बहीण देताना आमचं घर, दार, हिरीचं पानीसुदीक बघून गेलासा. आन् ह्या मुक्या जिवाला काय न बघता नांदाय धाडलंत व्हय?"

"चुकलं, आक्का! लय चुकलं."

तो पिल्लू घेऊन दुकानात परत गेला. दुकानदारानं ते त्याच्यादेखत पुन्हा विक्रीच्या टाकीत सोडलं. मित्राला त्यानं टॉवेल-टोपीचा आहेर केला, आणि बहिणीच्या परसात स्वतः राबून मोठा हौद बांधून दिला.

हौदात मासा आता पुरता वळतो, खातोही. पण पोहताना एका अंगाला कलतो. रेश्मा काठावर बसून बघते.

बंधुभगिनींनो, आहेर साडीचा करा, भांड्याचा करा, जिवाचा करू नका. दुकानदार सांगेल ते ऐकून मासा घरी आणू नका. तो मोठा झाल्यावर कुठं राहील, हे आधी ठरवा, आणि ते ठरत नसेल तर रिकाम्या हातानं माघारी या. कारण एकदा वाकलेला कणा सरळ करणं कुणाच्याच हातात राहत नाही.