टेपरला लावलेलं तेल

भोकं पाडायच्या ड्रिल मशीनवर मिलिंग, म्हणजे आडवं कापून खाच पाडणं, करू नये, हे मलाही कळतं. तरी नेवाशात वीस वर्षं तेच करतोय. मिलिंग मशीन घ्यायची ऐपत नाही आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. ड्रिलचा चक, म्हणजे कटर धरणारा जबडा, वर टेपरवर, एका निमुळत्या दांड्यावर, नुसता घट्ट बसवलेला असतो. खाली दाबलं की तो आवळतो, पण कटरने आडवं कापलं की सुटायला बघतो. म्हणून पाव-पाव मिलीमीटरच कापायचं. माझ्यासारख्या तापट माणसाला सबुरी शिकवली ती या मशीननेच, तीही अर्धवट.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गावातली ज्ञानेश्वरी कुबड्यांवर माझ्या वर्कशॉपात आली. लहानपणीच्या अपघातात तिच्या एका पायातली ताकद गेली, तेव्हापासून त्या पायाला आधाराचा धातूचा सांगाडा, कॅलिपर, लावून चालते. त्याच्या गुडघ्यावरच्या खटक्याची पितळी पट्टी खाचेपाशी तुटली होती.

"काका, उद्या शाळेत मुलाखत आहे. वीस मिनिटं फळ्यापुढं उभं राहून शिकवून दाखवायचंय. पुण्याहून पट्टी यायला पंधरा दिवस लागतील म्हणतात."

खटका बसला नाही तर गुडघा दुमडणार. कुबड्या धरल्या तर खडू कुठल्या हातात धरणार?

तेवढ्या जाडीच्या पितळेचे माझ्याकडे दोनच तुकडे होते. एक व्हाइसच्या पकडीत आवळला आणि खाच पाडायला लागलो. तिसऱ्या फेरीला चक खाडकन निसटून खाली आला. कटर वाचला, पण पट्टीवर वेडावाकडा चर पडला. ज्ञानेश्वरीचा चेहरा उतरला.

चक उचलून पाहतो तर आतून बुळबुळीत! खंडेनवमीला आम्ही सगळी अवजारं धुऊन, तेलाचा हात फिरवून हळदकुंकू वाहतो. पण टेपर कोरडाच ठेवावा लागतो. माझं डोकं फिरलं.

"मालन! टेपरला तेल फासायला कुनी सांगितलं हुतं? पोरीचं काम घालवलंस!"

माझी बायको पाणी घेऊन आली होती. तिने पेला आधी ज्ञानेश्वरीच्या हातात दिला.

"चक तुमीच पुसला," ती म्हणाली. "मी हात लावाया गेले तर म्हनला, ह्ये बायकांचं काम न्हाई."

खरं होतं. मशीन वर्षभर राबतं म्हणून लाडाने मीच तेल चोळलं होतं. फार लाज वाटली.

टेपर आणि चक पेट्रोलच्या फडक्याने पुसून कोरडे केले. लाकडी हातोडीने चक बसवला. दुसरा तुकडा आवळला आणि व्हाइस आडवा सरकवायच्या हँडलवरून हात काढून घेतला.

"मालन, तू फिरव. माझ्या हाताला घाई हाय."

तिने पदर खोचला. शेवयाच्या यंत्राचं हँडल फिरवावं तसं एका लयीत ती फिरवत राहिली. मी फक्त खाच किती खोल गेली ते बघत होतो. तासाभराने खाच सरळ, स्वच्छ उतरली.

पट्टी बसवली. आधी मी हाताने सगळा जोर लावून पाहिला, मग ज्ञानेश्वरी उठली. खट्ट! तिने दोन्ही कुबड्या भिंतीला टेकवल्या, माझा आखणीचा खडू घेतला आणि शटरवर माझ्या नावाच्या पाटीखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'मालनबाई'. गुडघा जराही हलला नाही.

"चुकलं माझं, मालन," मी पोरीसमोरच म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली आणि पितळेचा चुरा झाडायला लागली.